लेकीच्या गळ्यातली शिट्टी

ताई, नमस्कार. आम्ही घणसोली गावातले, प्रकल्पग्रस्त. मुलगी 24 वर्षांची, शिकागोला एमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बांधलेलं घर गहाण ठेवून तिच्यासाठी कर्ज काढलंय. परवा व्हिडिओ कॉलवर तिच्या गळ्यात नारिंगी शिट्टी दिसली. म्हणाली, इकडे इमिग्रेशनवाले रस्त्यावरून माणसं उचलतात, त्यांची गाडी दिसली की वाजवायची, म्हणजे लोक सावध होतात. 18 ऑक्टोबरच्या मोर्च्यालाही ती गेली होती. आता कुठल्या ब्रॉडव्ह्यूला जायचं म्हणते. मिस्टरांना यातलं काही माहीत नाही. कळलं तर पैसे पाठवायचे बंद करतील. मी तिला म्हटलं, परक्या देशात कशाला या भानगडी? तर म्हणते, "आजोबा जासईला गेले तेव्हा त्यांनाही हेच बोलली असतीस का?" माझे सासरे 1984 ला जासईला जमिनीच्या आंदोलनात होते. 2021 ला नवी मुंबईच्या विमानतळाला आमचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून मी स्वतः मानवी साखळीत उभी होते. पण तो आपला हक्काचा लढा होता. तिला कसं थांबवू? रात्रीची झोप गेली आहे. आमच्याकडे कामाला येणारी बाई पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादची. चाळीत पोलीस चौकशीला येऊन गेल्यापासून तीही येत नाही, फोन लागत नाही, घरचं सगळं माझ्यावर पडलंय. पण तो वेगळा विषय.
— एक आई, घणसोली

प्रिय ताई,

उत्तर आधीच देऊन टाकते, नाहीतर बाकीचं वाचताना तुमचा जीव टांगणीला राहील. लेकीला मोर्च्यांपासून तोडायच्या मागे लागू नका. ते जमणार नाही. जमलंच, तर ती तुम्हाला काही सांगायची बंद होईल, आणि आज ती तुम्हाला शिट्टी दाखवते आहे ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पण ब्रॉडव्ह्यूला जाऊ नकोस, हे मात्र तिला स्पष्ट सांगा. शपथ घालून नको, कारण देऊन सांगा. ते कारण तुमच्याजवळ असावं म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे.

मोर्च्यामोर्च्यात फरक असतो. 18 ऑक्टोबर 2025 चा मोर्चा 'नो किंग्ज' नावाने निघाला होता, म्हणजे आम्हाला राजा नको. त्या एका दिवशी अमेरिकेत अडीच हजारांहून जास्त ठिकाणी लोक जमले. आयोजकांनी आकडा 70 लाखांच्या आसपास सांगितला. शिकागोत माणसं ग्रँट पार्कात जमली. ते शहराच्या मध्यावरचं सरोवराकाठचं मोठं मैदान. अशा जाहीर, दिवसाढवळ्याच्या गर्दीत धोका अगदीच नसतो असं नाही. पण तुम्ही 10 जून 2021 ला ज्या साखळीत उभ्या होतात, तिथेही तो होताच, आणि तरी तुम्ही गेलात.

ब्रॉडव्ह्यूची गोष्ट वेगळी. शिकागोच्या पश्चिमेला ते लहानसं उपनगर आहे आणि तिथे 'आइस'ची एक इमारत आहे. आइस म्हणजे इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट, 2003 साली सुरू झालेलं केंद्र सरकारचं खातं. कागद नसलेल्यांना धरून देशाबाहेर पाठवायचं काम त्यांच्याकडे. सप्टेंबर 2025 मध्ये शिकागोत त्यांची 'मिडवे ब्लिट्झ' नावाची मोहीम सुरू झाली. धरलेल्यांना पुढे पाठवण्याआधी याच इमारतीत आणतात. म्हणून लोक तिच्या फाटकासमोर उभे राहतात, गाड्या आत-बाहेर होताना रेटारेटी होते, अश्रुधूर सोडला जातो, मिरचीच्या पुडीच्या गोळ्या मारल्या जातात, माणसं धरली जातात. तिथे प्रार्थना करत उभ्या असलेल्या एका पाद्र्याच्या डोक्याला अशी गोळी लागली, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. ऑक्टोबरात शिकागोच्या एका महिला न्यायाधीशांनी आदेश काढून पत्रकारांवर आणि शांतपणे उभ्या असलेल्यांवर अशी साधनं वापरायला मर्यादा घातली. म्हणजे कोर्टालाही तिथे पाणी मुरताना दिसलं. पण कोर्टाचा कागद निघाला म्हणून फाटकासमोरचा धूर विरत नाही.

आता मुख्य मुद्दा. त्या फाटकासमोर अमेरिकन नागरिक धरला गेला तर बहुतेक वेळा त्याची रात्र वाया जाईल, वकील लावावा लागेल, दंड होईल, आणि तो घरी जाईल. तुमच्या मुलीचं तसं नाही. ती एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आहे. पुढे कधीही व्हिसाचा फॉर्म भरायची वेळ आली की त्यात प्रश्न असतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, किंवा शिक्षा झाली आहे का? नीट वाचा, 'किंवा' आहे. गुन्हा सिद्ध झाला नाही, दुसऱ्या दिवशी सोडून दिलं, खटलाच चालला नाही, तरी अटकेचं उत्तर 'हो' असंच लिहावं लागतं. खोटं लिहिलं तर तो आणखी मोठा गुन्हा. दुसरं असं, की शिकागो शहराचे पोलीस सहसा कुणाला इमिग्रेशनचे कागद विचारत नाहीत, तसा तिथल्या शहराचा आणि इलिनॉय राज्याचा कायदाच आहे. पण अटक झाल्यावर घेतलेले बोटांचे ठसे केंद्राच्या यंत्रणेत जातात आणि तिथून इमिग्रेशन खात्याला दिसतात. ब्रॉडव्ह्यूच्या फाटकावर तर धरणारे थेट केंद्राचेच असू शकतात.

हे तिला सगळं माहीत असेल, असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटत नाही. चोवीसाव्या वर्षी माणसाला न्याय-अन्याय नीट कळतो, फॉर्ममधली बारीक अक्षरं कळायला वेळ लागतो.

आणखी एक घोळ निस्तरते, कारण तो घराघरांत होतो. व्हिसा रद्द होणं आणि स्टेटस जाणं हे एकच नव्हे. व्हिसा हा गेटपास आहे, देशात शिरण्यापुरता. आत राहून शिकायचा हक्क स्टेटसवर असतो. तो कॉलेजने दिलेल्या आय-20 या प्रवेशाच्या कागदावर आणि सरकारच्या सेव्हिस नावाच्या नोंदीवर चालतो. व्हिसा रद्द झाला तरी नोंद शाबूत असेल तर बहुतेक वेळा शिक्षण पुरं करता येतं, मात्र एकदा घरी आलं की परत शिरणं अवघड. नोंदच पुसली गेली तर पायाखालची जमीनच जाते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एप्रिल 2025 मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद झाल्या, त्यांत माझा भाचा होता. मोर्चा नाही, घोषणा नाही. दोन वर्षांपूर्वी गाडी वेगात चालवल्याचं एक प्रकरण होतं, तेही कधीच मिटलेलं. माझी बहीण डोंबिवलीला राहते. त्या आठवड्यांत मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचे. ओट्यावर पोह्यांच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला असायचा, पलीकडे त्याची सकाळ, दाढी वाढलेली. बहीण पोळ्या लाटत विचारायची, "जेवलास का?" दुसरं काही तिला विचारताच यायचं नाही. शेवटी विद्यार्थी कोर्टात गेले, ठिकठिकाणी आदेश झाले, आणि एप्रिलच्या अखेरीस सरकारने नोंदी परत चालू केल्या. त्याला वाचवलं ते दोन गोष्टींनी. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या बाईंना तो आधीपासून नावाने ओळखत होता, आणि वकिलाचा नंबर त्याच्याकडे आधीच होता. संकट आल्यावर शोधाशोध करायची वेळ आली नाही.

आता तिच्या बाजूचा कायदाही सांगते, कारण तुम्ही तिला अर्धवट माहितीवर घाबरवलंत तर ती तुमचं ऐकणार नाही, आणि तिचं बरोबर असेल. परदेशी माणसालाही अमेरिकेत बोलायचा हक्क आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1945 मध्ये गोदी कामगारांचे पुढारी हॅरी ब्रिजेस यांच्या खटल्यात म्हटलंय. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे, आणि त्यांनाही सरकार देशाबाहेर काढायला निघालं होतं. अगदी अलीकडे, 30 सप्टेंबर 2025 ला, बोस्टनच्या एका न्यायाधीशांनी निकाल दिला की कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशी माणसाला बोलण्याचा हक्क नागरिकाइतकाच आहे. पण त्याच वर्षी मार्चमध्ये रुमेसा ओझतुर्क या तुर्की विद्यार्थिनीला रस्त्यातून तोंड झाकलेल्या माणसांनी उचललं होतं. गाझाबद्दल विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रात एक लेख इतरांसोबत लिहिला, एवढंच तिच्याविरुद्ध दाखवता आलं. कोर्टाने तिला सोडवलं, पण सहा आठवडे लुइझियानाच्या कोठडीत काढल्यावर. त्याच महिन्यात कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या आपल्या रंजनी श्रीनिवासनचा व्हिसा रद्द झाला आणि ती कोठडीची वाट न बघता कॅनडाला निघून गेली. ही दोन्ही प्रकरणं हद्दपारीविरोधी मोर्च्यांची नव्हेत, पॅलेस्टाइनच्या प्रश्नावरून झालेली. तरी तुमच्या मुलीला त्यातून कळायचं ते कळेल. कायदा तिच्या बाजूने आहे, फक्त तो पोचेपर्यंत मधले दिवस कोण काढणार हा प्रश्न असतो.

म्हणून तिच्याशी बोलताना 'जायचं की नाही' यावर अडून बसू नका. 'कुठे, कसं आणि किती लांब उभं राहून' यावर बोला.

शिट्टीचंच घ्या. शिकागोत त्या शरद ऋतूत लोकांनी हजारोंनी शिट्ट्या वाटल्या. वाजवायची रीतही ठरवली. गाडी आसपास फिरताना दिसली तर तुटक तुटक, कुणाला धरताना दिसले तर सलग. आपल्याकडे रात्रपाळीचा वॉचमन वाजवतो तसलीच साधी शिट्टी. तिने फुटपाथवरून, चार मैत्रिणींसोबत, अंतर राखून वाजवली तर मी तिला थांबवणार नाही. पण कुणाच्या आणि अधिकाऱ्याच्या मध्ये शिरायचं नाही, गाडीला हात लावायचा नाही, गाडीमागे गाडी घालायची नाही, पळायचं नाही. "मागे हो" म्हटलं की मागे व्हायचं, तेही मोठ्याने "मी मागे होते आहे" असं म्हणत.

बाहेर पडताना दंडावर वकिलाचा नंबर मार्करने लिहायचा. हे ऐकून तुम्हाला कसंतरी होईल, मलाही झालं होतं, पण फोन काढून घेतल्यावर पाठ असलेला नंबर एकही नसतो. तिकडच्या मोर्च्यांत हिरव्या टोप्या घातलेले वकील संघटनेचे निरीक्षक असतात, काय घडतंय ते लिहून घेतात. त्यांच्या नजरेत राहायचं. फोन चेहऱ्याने किंवा बोटाने उघडणारा नको, आकडे टाकून उघडणारा हवा. आय-94 ची, म्हणजे देशात शिरल्याच्या नोंदीची, छापील प्रत जवळ हवी, कारण 18 वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा सोबत बाळगायचा असा तिथे कायदा आहे. विचारलं तर खोटं कधीच बोलायचं नाही. गप्प बसायचा हक्क तिला आहे, "मला वकिलाशी बोलायचंय" एवढं एक वाक्य पुरतं. घराचं दार कुणी वाजवलं तर आधी कागद दाराखालून सरकवायला सांगायचं आणि त्यावर न्यायाधीशाची सही आहे का ते पाहायचं. आइसच्याच अधिकाऱ्याची सही असलेला कागद म्हणजे घरात शिरायची परवानगी नव्हे, असं तिथले वकील शिकवतात. या सूचना छापलेली लाल कार्डं तिकडे फुकट वाटतात, तिच्या पाकिटात एक असू द्या.

तुमच्याकडे काय हवं? पासपोर्ट, आय-20, आय-94 यांच्या प्रती. घराचा पत्ता, रूममेटचा आणि कॉलेजच्या त्या कार्यालयाचा नंबर. शिकागोला आपलं वाणिज्य दूतावासाचं कार्यालय आहे, त्यांचा आपत्कालीन नंबर. आणि एक बारीक गोष्ट. आइसने धरलेल्या माणसाला शोधायची सरकारी वेबसाइट आहे, तिच्यात नाव आणि जन्माचा देश टाकून शोध घेता येतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं, कधी ते पहिल्या नावात मिसळलेलं असतं, कधी आडनावाच्या रकान्यात काहीच नसतं. अक्षर न अक्षर तसंच एका कागदावर उतरवून देवघराशेजारी चिकटवून ठेवा. माझ्या बहिणीने केलं होतं. त्या कागदाची गरज पडली नाही, पण तो चिकटवल्या रात्री ती झोपली.

आणि तिला हेही सांगा की गर्दीत उभं राहणं हे यातलं एकच काम आहे. शिकागोच्या लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीच्या परिसरात काही सायकलवाली मंडळी सकाळी जाऊन हातगाड्यांवरचे सगळे तमाले विकत घेतात, म्हणजे विकणारी बाई उन्हं चढायच्या आत घरी जाऊ शकते. तमाले म्हणजे मक्याच्या पिठाचं, आत सारण भरून कणसाच्या सालात उकडलेलं, आपल्या पानग्याच्या जातीचं. काही शेजारी मुलांना शाळेत पोचवतात, कारण आईबापांना रस्त्यावर यायची भीती वाटते. वकिलांच्या शिबिरांना हिंदी, गुजराती, पंजाबी समजणारी माणसं हवी असतात. तुमची लेक घणसोलीत वाढलेली, तिला यातल्या दोन तरी येत असणार. एफ-1 वरच्या मुलीने हे काम केलं म्हणून कुठल्या फॉर्ममध्ये 'हो' लिहावं लागत नाही. मला विचाराल तर फाटकासमोरच्या घोषणेपेक्षा ती तमालेची पिशवी जास्त उपयोगी पडते.

आता तुमचं ते वाक्य, 'तो आपला हक्काचा लढा होता'. यावर मला थोडं थांबायचंय.

16 आणि 17 जानेवारी 1984. जासई, दास्तान फाटा, नवघर. पाच माणसं गोळीबारात गेली. सिडकोने जमिनी घेतल्या, मोबदला तुटपुंजा, आणि दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी, आगरी, कोळी, कराडी रस्त्यावर आले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तुमचं घर त्या जमिनीवर उभं आहे, आणि त्या घरावर काढलेल्या कर्जावर लेक शिकते आहे. हे तुम्ही मला दोन ओळींत लिहिलंत, पण तिने ते लहानपणापासून ऐकलंय. दर जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन होतं, तेव्हा आजोबांचं बोट धरून तीही गेली असेल. सरकारचा कागद आणि माणसाचं घर समोरासमोर आले की आपण कुठे उभं राहायचं, हे तिला तुमच्याच घराने शिकवलंय. ती बिघडलेली नाही, ताई. ती तुमचीच आहे.

आणि परकं कोण? 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. त्यात 104 भारतीय होते, हातात बेड्या, पायात साखळ्या. हरियाणाचे, गुजरातचे, पंजाबचे जास्त, पण तिघे आपल्या महाराष्ट्राचेही होते. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षांचे खासदार हातात बेड्या घालून संसदेच्या आवारात उभे राहिले. परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की अशी परतपाठवणी नवी नाही, कैक वर्षं चालू आहे. ते खरंच आहे. पण साखळीतले पाय आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले, आणि त्या रात्री घराघरांत एकच वाक्य होतं, "माणसांना असं आणतात का?" तुमची लेक शिकागोत तेच वाक्य बोलते आहे, फक्त मेक्सिकोच्या माणसाबद्दल.

माझं मतही लपवत नाही. कुठल्याही देशाला आपल्या हद्दीत कोण राहील हे ठरवायचा अधिकार आहे, आणि नियम मोडून राहिलेल्याला परत पाठवायचाही आहे. पण त्याला आधी विचारलं गेलं पाहिजे, त्याचं म्हणणं कुणीतरी ऐकलं पाहिजे, आणि धरणाऱ्याचा चेहरा उघडा असला पाहिजे. रंग, भाषा आणि मजुरी बघून माणूस उचलायचा आणि कागद नंतर तपासायचे, हे मला अमेरिकेत मान्य नाही आणि इथेही नाही. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसच्या बाबतीत अशा धरपकडीला घातलेली बंदी तात्पुरती उठवली, तेव्हापासून सावळ्या रंगाच्या माणसाने, मग तो कुठलाही असो, जास्त जपून राहावं हे खरं. तुमची लेक मोर्च्याला गेली नाही तरी तिला हा धोका आहे. घरी बसून तो जात नाही.

आता मिस्टरांचं. त्यांच्यापासून लपवू नका. तुम्ही तिला वाचवता आहात असं तुम्हाला वाटतं, पण उद्या रात्री दोनला शिकागोहून फोन आला तर तो तुम्ही एकटीने घ्यायचा आणि त्याच क्षणी त्यांना दोन महिन्यांची गोष्टही सांगायची, हे तुम्हाला झेपणार नाही. कुणालाच झेपत नाही. कळल्यावर त्यांना राग येईल तो मुलीवर नसेल, हप्त्यावर असेल. व्हिसा गेला, डिग्री अर्धी राहिली, तर घर जाईल, ते घर त्यांच्या वडिलांनी मिळवलेलं. ही भीती खोटी नव्हे. पण तुम्ही म्हणता तसे त्यांनी पैसे बंद केले तर फी थकेल, फी थकली तर नाव कमी होईल, नाव कमी झालं तर स्टेटस जाईल. म्हणजे ज्याला ते भितात तेच त्यांच्या हातून होईल. हे गणित त्यांना रागात दिसणार नाही, शांतपणे दाखवा.

सांगायचं काम मात्र तुमचं नव्हे, तिचं आहे. तुम्ही मधला निरोप्या होऊ नका. रविवारी संध्याकाळी, तिच्याकडे सकाळ असते तेव्हा, दोघांनी शेजारी बसून फोन लावा. तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा की उद्या बाबांना तूच सांगायचंस. ते ओरडतील, ओरडू द्या. पाच मिनिटांनी तुम्ही एवढंच विचारा, "अण्णा जासईला निघाले तेव्हा घरात काय झालं होतं?" सासऱ्यांना तुम्ही घरात जे म्हणत असाल ते म्हणा. मला खात्री आहे त्या दिवशी घरात चूल पेटली नसेल, आजीने दार अडवलं असेल, भांडण झालं असेल. ती गोष्ट तुमच्या मिस्टरांना माहीत असेल, लेकीला बहुतेक नाही. तिला फक्त आजोबा गेले एवढंच ठाऊक आहे, मागे राहिलेल्यांचं काय झालं ते कुणी सांगितलेलं नाही. सांगा तिला. मग तुमचंही सांगा. "भानगडी" हा शब्द वापरू नका. म्हणा, "तू करतेस ते बरोबर आहे असं मलाही आतून वाटतं, आणि मला रात्री झोप लागत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फाटकाशी जाऊ नकोस. बाकी तू ठरव, पण घरातून निघताना आणि परत आल्यावर मला एक मेसेज कर, मी जागी असेन." मेसेज करायची सवय तिने मोडली तर त्यावरून रागवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ब्रॉडव्ह्यूला ती तरी गेलीच तर? जाऊ शकते. ती मोठी आहे. मग तो कागद आहे, तो नंबर आहे, आणि तुम्ही आहात. तिच्याशी बोलणं तोडू नका.

शेवटी त्या बाई. तुम्ही लिहिलंत तो वेगळा विषय. मला तो वेगळा वाटत नाही, आणि लेकीने अजून विचारलं नसेल तर लवकरच विचारेल.

जानेवारी 2025 मध्ये ठाण्यात कासारवडवलीकडे अभिनेता सैफ अली खानवरच्या हल्ल्यातला आरोपी सापडला, तो बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं, आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यात चाळी, मजूर वस्त्या, बांधकामाच्या साइट यांची झडती वाढली. जे खरोखर बेकायदा आले आहेत त्यांची चौकशी व्हावी, त्याला माझी हरकत नाही. पण जून 2025 मध्ये काय झालं ते आठवा. मीरा रोडला राहणारा एक गवंडी, मुर्शिदाबादचा, म्हणजे भारतातला. बांगलादेशी समजून त्याला धरलं आणि सीमेपलीकडे ढकलून दिलं. पश्चिम बंगाल सरकारने त्याची कागदपत्रं पुढे केल्यावर तो परत आला. मीरा रोड आपल्याच जिल्ह्यात येतं. तुमची बाई बंगाली बोलते, मुर्शिदाबादची आहे. फोन का लागत नाही याची पन्नास साधी कारणं असतील. गावी गेली असेल, सिम बदललं असेल, घाबरून दुसऱ्या वस्तीत बहिणीकडे राहिली असेल. पण तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्ही अजून विचारलेलं नाही.

उद्या दुपारी त्या चाळीत जाऊन या. एकट्या नको, शेजारच्या कुणाला तरी सोबत घ्या. तिचे कामाचे दिवस मोजा आणि तेवढे पैसे पाकिटात घालून न्या, या महिन्याचे राहिले असतील. भेटली तर विचारा, आधार, मतदार ओळखपत्र, मुलांचे शाळेचे दाखले कुठे आहेत, त्यांच्या प्रती तुमच्याकडे ठेवायच्या आहेत का. ती किती वर्षं तुमच्याकडे कामाला आहे हे एका कोऱ्या कागदावर लिहून, तारीख घालून, सही करून तिला द्या. त्याने कुणाचं नागरिकत्व सिद्ध होत नाही, पण पोलीस ठाण्यात तिला ओळखणारी इथली एक बाई आहे एवढं तरी दिसतं. भेटली नाही तर शेजारणीकडे तुमचा नंबर ठेवा. पोलिसांनी नेलंय असं कळलं तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा, कुठे ठेवलंय ते विचारा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. महिलांना तो उत्पन्नाची अट न लावता मिळतो.

रविवारचा फोन हे सगळं करून झाल्यावर लावा.